मेदाचे मोल

आपल्या मराठी भाषेने चरबीला फारसा मान दिलेला नाही. एखादा उर्मटपणे वागू लागला, की त्याच्या अंगावर चरबी चढली असे आपण म्हणतो आणि ती उतरवण्याची भाषा करतो. आळस, खादाडपणा आणि मस्ती या तिन्ही दुर्गुणांचे खापर आपण या एका पदार्थाच्या माथी फोडले आहे. अलीकडे त्यात मधुमेहाच्या आणि हृदयविकाराच्या भीतीची भर पडली. मात्र आयुर्वेदाने शरीर धारण करणारे जे सात धातू सांगितले, त्यांत रस, रक्त आणि मांस यांच्या पंक्तीत मेदालाही बसवले आहे. आपल्या आजीबाईंनाही ही गोष्ट ठाऊक होती. गुटगुटीत बाळाची त्या दृष्ट काढत, आणि दीर्घ दुखण्यातून उठलेल्या माणसाला पाहून, 'गालफडे बसली हो बिचाऱ्याची,' म्हणून हळहळत. मेदाचे मोल तो गेल्यावर कळते, हे त्या हळहळीतच सामावलेले होते.

मेद म्हणजे केवळ अडीअडचणीसाठी साठवलेला शिधा नव्हे. टाचेखाली तो गादीसारखा पसरलेला असतो, म्हणून आपल्याला दगडाधोंड्यांवरून चालता येते. तो शरीराची ऊब राखतो. मेदपेशींतून निघणारे लेप्टिन नावाचे संप्रेरक १९९४ साली सापडले, तेव्हा हा धातू मेंदूशीही संवाद साधतो हे स्पष्ट झाले. आणि माणसाच्या चेहऱ्याला त्याची ओळख देणाऱ्या गोष्टींत हाडांइतकाच त्वचेखालच्या या पातळ थराचाही वाटा असतो. भाजल्यामुळे, अपघातामुळे, कर्करोगासाठी स्तनाचा भाग काढून टाकल्यामुळे किंवा अर्धा चेहरा हळूहळू झिजवणाऱ्या पॅरी-रॉम्बर्गसारख्या विकारामुळे हा थर नाहीसा होतो, तेव्हा माणूस जगतो. परंतु आरशात आणि लोकांच्या नजरेत तो पूर्वीचा राहत नाही.

असा गेलेला मेद शरीरात पुन्हा उगवता येईल काय, याचा शोध आज अनेक प्रयोगशाळांत चालू आहे. या शास्त्रीय प्रश्नाच्या मागोमाग एक नैतिक प्रश्नही चालत येतो, आणि तो आपल्यासारख्या कुटुंबवत्सल वाचकांच्या दारापर्यंत येऊन ठेपणार आहे. देहाची भर परत देणे हे औषध मानावे की अलंकार? आणि औषध मानले, तर ते आधी कोणाच्या वाट्याला यावे? या दोन प्रश्नांचा विचार करण्याआधी आम्हांला मूळ विषय थोडा समजून घेतला पाहिजे.

जुना उपाय सरळ होता. जिथे मेद अधिक आहे तिथून तो काढावा आणि जिथे खड्डा आहे तिथे भरावा. जर्मन शल्यविशारद गुस्ताव नॉयबर यांनी १८९३ साली एका रुग्णाच्या दंडातील चरबी काढून त्याच्या डोळ्याखालच्या खोल व्रणात भरली. १८९५ साली हायडेलबर्गच्या व्हिन्सेंझ चेर्नी यांनी स्तनावर शस्त्रक्रिया झालेल्या एका स्त्रीच्या कमरेजवळील चरबीची गाठ तिच्या स्तनाच्या जागी बसवली. आजही ही पद्धत सुधारलेल्या रूपात वापरात आहे. परंतु तिच्यात एक उणीव राहून गेली. भाताचे रोप उपटून दुसऱ्या खाचरात लावले, तर मुळे धरेपर्यंत त्याला पाणी मिळावे लागते. मेदाचेही तसेच आहे. नव्या जागी रक्तवाहिन्या पोहोचण्यापूर्वीच आतल्या पेशी मरतात आणि भरलेल्या चरबीचा मोठा भाग काही महिन्यांत विरून जातो. किती टिकेल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. मग पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा खर्च आणि पुन्हा आशा.

लायपोसक्शनमध्ये काढून फेकल्या जाणाऱ्या चरबीत मूलपेशी असतात, असे २००१ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. या मूलपेशी भरलेल्या चरबीत मिसळल्यास ती अधिक टिकते असेही आढळले. पुढे एक विचित्र गोष्ट निदर्शनास आली. शरीरात सोडलेल्या मूलपेशींपैकी बहुतेक थोड्याच काळात नाहीशा होत. मात्र त्यांचा चांगला परिणाम मागे उरे. पाहुणा निघून गेला, पण त्याने सांगितलेली गोष्ट घरात राहिली, असा हा प्रकार होता. ती गोष्ट पोहोचवण्याचे मोठे काम पेशीबाह्य पुटिका करतात, असे आता मानले जाते.

पेशी आपल्यातून अतिसूक्ष्म पिशव्या सतत बाहेर सोडत असतात. त्यांनाच पेशीबाह्य पुटिका म्हणतात, आणि त्यांतील लहान प्रकाराला एक्सोसोम हे नाव आहे. त्यांचा आकार साधारणपणे ३० ते १५० नॅनोमीटर असतो. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. कॅनडातील मॉन्ट्रियल येथे रोझ जॉन्स्टन या विदुषी मेंढीच्या अपक्व तांबड्या रक्तपेशींचा अभ्यास करीत होत्या. त्यांच्या कामातून १९८७ साली हे नाव रूढ झाले. पेशी नको असलेला माल या पिशव्यांतून बाहेर टाकते, असा त्या काळचा समज होता. २००७ साली स्वीडनमधील संशोधकांनी दाखवले, की या पिशव्यांत आरएनएच्या रूपाने संदेश असतात आणि दुसरी पेशी ते स्वीकारून त्यांनुसार वागू शकते. केराची टोपली समजून जिच्याकडे दुर्लक्ष झाले, ती टपालाची थैली निघाली.

म्हणून आता संशोधकांनी पेशींऐवजी त्यांच्या थैल्याच वापरून पाहिल्या. मेदाच्या ऊतीतून किंवा मूलपेशींतून मिळवलेल्या पुटिका उंदरांच्या कातडीखाली योग्य आधारद्रव्यासह ठेवल्या, तेव्हा त्या प्राण्याच्याच पेशी तिथे गोळा झाल्या, नव्या रक्तवाहिन्या फुटल्या आणि काही पेशींचे मेदपेशींत रूपांतर झाले. भरलेल्या चरबीत पुटिका मिसळल्यास ती अधिक टिकल्याचेही प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले. बाहेरचा मेद आणून भरण्याऐवजी शरीराला स्वतःचा मेद घडवण्याची आठवण करून द्यावी, अशी ही कल्पना आहे. ती मोहक आहे. परंतु माणसांवरील मोठ्या आणि काटेकोर चाचण्यांतून हा उपचार अद्याप सिद्ध झालेला नाही, ही गोष्ट आरंभीच स्पष्ट करणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आता नैतिक प्रश्नाकडे वळू. श्रद्धाळू मनात पहिली शंका येते ती अशी, की हे निर्मात्याच्या कामात ढवळाढवळ करणे तर नव्हे? मूलपेशी हा शब्द कानावर पडला, की गर्भाचा नाश झाला असेल या भीतीने आपण दचकतो, आणि ते योग्यच आहे. येथे मात्र पुटिका प्रौढ माणसाच्या चरबीतून मिळतात. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या 'डिग्निटास पर्सोनाए' या रोमच्या शिकवणीत, प्रौढ व्यक्तीला गंभीर इजा न करता तिच्या शरीरातून मूलपेशी घेणे नैतिकदृष्ट्या ग्राह्य मानले आहे. तेव्हा या वाटेवर गर्भहत्येची शिळा आडवी पडलेली नाही.

दुसरी शंका अधिक खोल आहे. रूपासाठी एवढा खटाटोप म्हणजे शुद्ध देहाभिमान नव्हे काय? या शंकेला उत्तर देताना पोप बारावे पायस यांच्या एका भाषणाची आठवण होते. निधनापूर्वी पाचच दिवस, ४ ऑक्टोबर १९५८ रोजी, त्यांनी इटलीतील प्लॅस्टिक सर्जनांपुढे या विषयाची मांडणी केली होती. शारीरिक सौंदर्य हे एक चांगले देणे आहे. ते सर्वोच्च नव्हे, परंतु तुच्छही नव्हे. आणि रूप सुधारणारी शस्त्रक्रिया योग्य की अयोग्य हे तिच्यामागील हेतू आणि परिस्थिती पाहून ठरवावे, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. म्हणजे रूपाची काळजी हे पाप, असा सरधोपट निवाडा देण्यास आपण मोकळे नाही.

परंतु हेतू पाहायचा तरी कसा? हा पेच एका खऱ्या उदाहरणाने स्पष्ट होईल. आपल्या देशात एचआयव्हीबाधितांसाठी सरकारी मोफत औषधोपचार एप्रिल २००४ मध्ये सुरू झाला. त्यातील स्टॅव्ह्युडीन या औषधाने असंख्य प्राण वाचवले. त्याच औषधाने अनेकांच्या गालांतील आणि हातापायांतील मेद मात्र झिजवून टाकला. खोल गेलेले गाल हीच मग त्या आजाराची चहाडी करणारी खूण ठरली. जे गुपित रुग्णाने घरच्यांनाही सांगितले नव्हते, ते त्याचा चेहरा नाक्यावर सांगू लागला. २००९ साली जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध क्रमशः बंद करण्याचा सल्ला दिला. पण गेलेला मेद सहजासहजी परतला नाही.

अमेरिकेत अशा रुग्णांचे गाल भरण्यासाठी पॉली-लॅक्टिक आम्लाच्या एका इंजेक्शनाला २००४ साली मान्यता मिळाली. तेच द्रव्य २००९ साली निरोगी माणसांच्या चेहऱ्यावरील सुरकुत्यांसाठीही मान्य झाले. पुढे २०१० साली तेथील मेडिकेअर या सरकारी आरोग्यविमा योजनेने ठरवले, की एचआयव्हीच्या उपचारामुळे चेहरा झिजला असेल आणि त्यातून नैराश्य आले असेल, तर हा खर्च योजनेने सोसावा. द्रव्य एक, सुई एक आणि गालही गालच. तरीही एका ठिकाणी त्याला औषध म्हटले गेले आणि दुसऱ्या ठिकाणी प्रसाधन. उद्या पुटिकांच्या बाबतीतही असेच होणार. औषध आणि अलंकार यांमधील रेषा त्या कुपीत शोधून सापडणार नाही. ती माणसाच्या दुःखात शोधावी लागेल.

हे दुःख मोजण्यासाठी आपल्या भाषेतच एक माप आहे. 'तो माणसांतून उठला' असे आपण म्हणतो. ज्या हानीने माणूस माणसांतून उठतो, ती भरून काढणे म्हणजे औषध, असे आमचे मत आहे. टिपूबरोबरच्या १७९२ च्या युद्धात इंग्रजांच्या फौजेत बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान पकडला गेला, आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतील एका वैद्याने त्याच्या कपाळाच्या कातडीतून त्याला नवे नाक करून दिले. दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया पाहिली आणि १७९४ साली लंडनच्या एका मासिकात तिचा वृत्तांत छापून आला. नाक कापणे म्हणजे अब्रू घेणे, हे ज्या समाजाला कळत होते, त्याला नाक परत देणे म्हणजे काय हेही कळत होते. त्या वैद्याने कावसजीला देखणे करण्याचा घाट घातला नव्हता. त्याने त्याला चारचौघांत बसण्याजोगे केले.

येथे एक आक्षेप निघेल, आणि तो टाळणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. कोणी म्हणेल, 'बसलेल्या गालांमुळे माणूस वाळीत पडत असेल, तर दोष गालांचा नसून पाहणाऱ्यांचा आहे. मग इंजेक्शन गालाला कशाला? समाजाची नजर का सुधारत नाही?' या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु समाज सुधारेपर्यंत त्या रुग्णाने तोंड लपवून थांबावे, असे सांगण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? आमच्या पापाची शिक्षा त्याने का भोगावी? नजर सुधारणे हे आमचे कर्तव्य आहे. ते पूर्ण होईपर्यंत उपचार मिळणे हा त्याचा हक्क आहे.

आक्षेप घेणारा याहूनही पुढे जाईल. मग साठीला आलेल्या बाईनेच काय केले आहे? तिच्याही गालांतील मेद वयाने ओसरतो आणि तिलाही लोक जुन्या भांड्यासारखे बाजूला सारतात. आम्ही तिला दोष देणार नाही. बारावे पायस यांच्या विवेचनानुसार तिचा हेतू निर्मळही असू शकतो. मात्र दोन हानींत एक भेद आम्हांला दिसतो. रोगाने किंवा औषधाने एका माणसाकडून जे हिरावून घेतले, ते इतरांकडे शाबूत आहे. वय मात्र सर्वांकडूनच घेते, आणि घेताना तसे सांगूनही ठेवते. म्हातारपणी चेहरा बदलणे हा अपघात नसून आयुष्याचा क्रम आहे. म्हणून वयस्कर स्त्रीला हा उपचार निषिद्ध आहे असे आम्ही म्हणत नाही. तिची पाळी भाजलेल्या मुलीनंतर आणि कर्करोगातून उठलेल्या मातेनंतर यावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. संशोधनाचा पैसा, शल्यविशारदांचा वेळ आणि सरकारी मदत यांची रांग लावताना हा क्रम पाळला जावा. बाजार ही रांग नेहमी उलटी लावतो. ज्याची जखम मोठी त्याची थैली बहुधा रिकामी असते.

आणखी एक कठीण प्रश्न आहे, आणि तो या विषयाच्या गाभ्यातूनच निघतो. पुटिका संदेश वाहून नेतात. तो संदेश कोणी ऐकावा हे त्या नेहमी ठरवू शकत नाहीत. 'रक्तवाहिन्या वाढवा, पेशी जगवा' हा निरोप खड्डा भरण्यासाठी हवाच असतो. परंतु कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर स्तनात एखादी कर्कपेशी दडून राहिली असेल, तर तीही हा निरोप ऐकेल काय? प्रयोगशाळेतील काही निष्कर्ष भीती वाढवणारे आहेत, तर काही धीर देणारे. निरोप कोणाकडून आला यालाही महत्त्व आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत लठ्ठ उंदरांच्या मेदातील भक्षक पेशींच्या पुटिका सडपातळ उंदरांना दिल्या, तेव्हा त्या सडपातळ उंदरांचा इन्शुलिनला मिळणारा प्रतिसाद मंदावला. म्हणजे ज्या स्त्रीला या उपचाराची गरज सर्वाधिक, तिलाच त्याचा धोकाही सर्वाधिक असू शकतो.

अशा वेळी दयाळूपणाचे पहिले रूप म्हणजे सत्य सांगणे. आशेला भुकेलेल्या माणसाला अर्धवट सत्य विकणे सोपे असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर सूचना काढली. नेब्रास्का राज्यात एक्सोसोमच्या नावाने विकलेली, मान्यता नसलेली द्रव्ये टोचल्यामुळे रुग्णांना गंभीर अपाय झाले होते, आणि असे एकही उत्पादन मान्यताप्राप्त नसल्याचे प्रशासनाने त्या वेळी स्पष्ट केले. आपल्याकडेही भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, ठरावीक विकारांसाठी होणारे रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशींचे रोपण वगळता, मूलपेशींचा वापर केवळ मान्य चाचण्यांतच करता येतो. पुटिका म्हणजे पेशी नव्हेत, एवढ्या शब्दच्छलाने ही सावधगिरी संपत नाही. चाचणीत भाग घेणाऱ्या रुग्णाकडून कोणी उपचाराचे पैसे मागत असेल, तर घरातील कर्त्या माणसांनी तिथेच थांबून चौकशी करावी.

ज्याच्या चरबीतून हे औषध निघते, त्या माणसाचाही विचार झाला पाहिजे. १९५१ साली बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय मातेच्या गाठीतील पेशी तिला न सांगता संशोधनासाठी घेण्यात आल्या. त्यांच्यावर पुढे मोठा व्यापार उभा राहिला, आणि एका कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली ती २०२३ साली. फेकून दिलेली चरबी कचरा आहे तोवर तिच्याकडे कोणी पाहत नाही. ती मौल्यवान ठरली, की तिचा मालक कोण हा प्रश्न उभा राहतो. शरीराचा भाग देणाऱ्याला तो कशासाठी घेतला जात आहे हे समजावून सांगणे आणि त्याची संमती मागणे, हा केवळ कायद्याचा सोपस्कार नाही. देणाऱ्याला माणूस मानण्याची ती पहिली पायरी आहे.

हे औषध आपल्या जिल्ह्याच्या रुग्णालयात कधी पोहोचेल, हे आज कोणी सांगू शकत नाही. परंतु ज्यांच्यासाठी ते तयार होत आहे, ती माणसे आजच आपल्या धर्मग्रामात आहेत. शस्त्रक्रियेनंतर लग्नसमारंभाला जाणे टाळणारी बहीण आहे. भाजल्याचे व्रण पदराआड झाकून मिस्साला मागच्या बाकावर बसणारी तरुण मुलगी आहे. गाल बसल्यामुळे ज्याच्याविषयी कुजबुज होते, असा शेजारी आहे. त्यांचा मेद परत देणे आपल्या हाती नाही. त्यांना माणसांतून न उठवणे मात्र आपल्या हाती आहे, आणि त्यासाठी कोणत्याही चाचणीची वाट पाहावी लागत नाही. प्रयोगशाळा आपले काम करतील. त्यांचे यश येईल त्या दिवशी या माणसांना रांगेत पुढे उभे करण्यासाठी आपण आवाज उठवावा, आणि तोवर मागच्या बाकावरील त्या मुलीच्या शेजारी जाऊन बसावे.